दोन्ही बाजू सारख्या

"काही नाही हो, तुमच्या हाडाची घडणच तशी आहे," असं म्हणून डॉक्टरीणबाई हसल्या आणि पुंजारामच्या डोक्यात तिडीक गेली. आता यात चिडण्यासारखं काय होतं? माणूस दवाखान्यात येतो तो हेच ऐकायला. बाहेरच्या बाकावर एक बाई देवाला हात जोडून बसली होती, लेकराच्या फोटोत काही निघू नये म्हणून. आणि ह्या गृहस्थाच्या फोटोत काही निघालं नाही तर हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. अर्ध्या तासापूर्वी त्याला त्या यंत्रापाशी उभं केलं होतं. चष्मा काढा, हनुवटी इथं टेकवा, ही पट्टी पुढच्या दातांत धरा, हलू नका, थुंकी गिळू नका. मग ते यंत्र बारीक घूं करत त्याच्या डोक्याभोवती फिरून गेलं होतं, आणि आता समोरच्या पडद्यावर त्याचं आख्खं तोंड ह्या कानापासून त्या कानापर्यंत उलगडून पसरलं होतं. आला होता तो डावीकडची एक किडकी दाढ दाखवायला. दाढ काढायची हे पाच मिनिटांत ठरलं. पण बाईंनी बोलता बोलता पेनाचं टोक वर सरकवलं, कानाच्या पुढे, जिथं खालचा जबडा वरच्या हाडाच्या खोबणीत बसतो तिथं. "हे बघा गंमत. सांध्याच्या पुढे हा हाडाचा उंचवटा आहे ना, त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे आहेत. मधाच्या पोळ्यासारखे. कानामागच्या हाडात ते सगळ्यांनाच असतात, तुमचे जरा पुढपर्यंत आलेत. शंभरात दोघातिघांचे येतात. त्रास काही नाही. उद्या ह्या सांध्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर डॉक्टरला माहीत असावं, म्हणून रिपोर्टात लिहिते, एवढंच."

"मार लागून होतं का हे?" पुंजारामनं विचारलं. बाई म्हणाल्या, नाही. "मग मोडल्याची खूण कुठंय?" बाई म्हणाल्या, कसली मोडल्याची? तेव्हा त्याला सांगावं लागलं. नऊ वर्षांचा असताना गोफणीचा धोंडा बसला होता, डाव्या बाजूला, थेट इथं. तेव्हापासून जबडा वाजतो, घास चावताना कट्‌कट्‌ होतं. पन्नास वर्षं झाली. बाईंनी चित्र मोठं केलं. डावीकडचं पाहिलं, उजवीकडचं पाहिलं, परत डावीकडचं. "दोन्ही बाजू सारख्या आहेत, काका. लहानपणी मोडलं असतं तर डावी बाजू आखूड, नाहीतर वाकडी दिसली असती. मुका मार असेल. आणि कट्‌कट्‌ ही सांध्यातल्या गादीची असते, ती ह्या फोटोत दिसत नाही. पुष्कळांचा वाजतो. माझाही वाजतो, ऐका," असं म्हणून त्या पोरीनं, पोरगीच ती, पुंजारामच्या थोरल्या लेकीपेक्षा लहान, आपलं तोंड उघडलं आणि मिटलं. कट्‌. स्वच्छ ऐकू आलं. पुंजारामला वाटलं, आपल्या घरातली एखादी खासगी वस्तू ह्या बाईनं बाजारात सर्वांसमोर वापरून दाखवली. आणि मग तो जे बोलला ते त्याचं त्यालाच खरं वाटेना. तो म्हणाला, "परत एकदा काढता का?"

परत एकदा काढता का! आयुष्यभर हे वाक्य त्यानं ऐकून घेतलं होतं. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली. शेताच्या हद्दी मोजायच्या, नकाशा करायचा, खुणा रोवायच्या. शेंद्र्याकडे एक नानासाहेब नावाचा म्हातारा होता. बांध शेजाऱ्यानं कोरला म्हणून त्यानं सत्तावीस वर्षं शेजाऱ्याच्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं, लेकीच्या लग्नात त्याला बोलावलं नव्हतं. पुंजारामनं मोजणी केली. बांध होता तिथंच होता, वीतभरही इकडचा तिकडं नाही. म्हातारा उन्हात पागोटं सावरत उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, परत एकदा मोजता का?" पुंजाराम तेव्हा तरणा होता, पायात सरकारी बूट होते. तो म्हणाला, "बाबा, दहादा मोजलं तरी तेच येणार. साखळी खोटं बोलत नाही." केवढा तोरा त्या बोलण्यात! संध्याकाळी जीपमध्ये बसून त्यानं साऱ्या पथकाला म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. सत्तावीस वर्षं उराशी धरलेली वस्तू हातातून काढून घेतली तर माणूस कुठं बघेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "गरज नाही काका. स्वच्छ आलाय." आणि फोटो मोठ्या पाकिटात घालून त्याच्या हातात दिला.

बाहेर येऊन त्यानं स्कूटर काढली तोवर खिशातला फोन वाजला. बायकोचा, सुगंधाचा. ही बाई दुपारभर फोन उशाशी घेऊन बसली असणार. "काय निघालं हो?" खरं म्हणजे तिला सांगायचं होतं, दाढ काढायचीय, बाकी काही नाही. दोन शब्दांचं काम. पण पाठीमागं त्याला दादाचा आवाज ऐकू आला, "काय म्हनतो त्यो? काय म्हनतो?" आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. दादा म्हणजे थोरला भाऊ कडूबा. पुंजारामला फोटोसाठी बोलावलंय एवढं सुगंधाच्या तोंडून फोनवर कळलं, तर हा माणूस पैठणच्या पुढून, नदीकाठच्या वाडीतून, सकाळची पहिली एस.टी. धरून गारखेड्यात येऊन बसला होता. येताना तुपाची बरणी आणि नवी घोंगडी. का, तर ज्या धोंड्यानं पुंजारामचा जबडा खिळखिळा झाला तो कडूबाच्या गोफणीतून सुटला होता. पुंजाराम फोनमध्ये म्हणाला, "हाडात पोकळ्या निघाल्यात." अगं बाई, असं सुगंधा म्हणाली, कुठं? "सांध्यापाशी." मग मागून दादाचा आवाज आला, "डाव्या अंगालाच ना?" आणि पुंजारामनं सांगितलं, "हो."

शब्द न् शब्द खरा होता. डावीकडे पोकळ्या होत्या की नाही? होत्या. उजवीकडेही होत्या, पण ते कुणी विचारलंय? फोन बंद करून तो स्वतःवर एवढा भडकला की किल्ली उलटी घालू लागला. मग सुगंधावर भडकला. हिला कुणी सांगितलं होतं वाडीला फोन करायला? मग डॉक्टरणीवर. दाढ विचारली होती बाई, दाढ सांग, कानापर्यंत कशाला जातेस? आणि सरतेशेवटी, नेहमीप्रमाणे, दादावर. ह्या माणसानं वैताग आणला होता. पन्नास वर्षं एखाद्यानं आपल्याकडे गुन्हेगारासारखं बघत राहावं म्हणजे काय शिक्षा असते हे कुणाला सांगून कळायचं नाही. पंक्तीत बसलं की हा आपल्या ताटातला भाकरीचा पापुद्रा पुंजारामच्या ताटात सरकवणार, कड आपण घेणार. दुधात काला करून पुढे ठेवणार. अरे, मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय, मला दोन नातू आहेत! आणि जेवताना जबडा वाजला, कट्‌, की ह्याचा हात तोंडाशी जाता जाता थांबायचा. दरवेळी. बघायचा नाही, बोलायचा नाही, नुसता थांबायचा, आणि मग म्हणायचा, "सावकाश खा."

बरं, ह्यात पुंजारामचं काय गेलं होतं? स्कूटर गजानन महाराजांच्या मंदिराकडून घराकडे वळायची ती त्यानं वळवलीच नाही, सरळ बीड बायपासकडे घेतली, आणि हा प्रश्न पाठीवर बसल्यासारखा सोबत आला. तो दिवस त्याला जसाच्या तसा आठवत होता, की इतक्यांदा सांगून सांगून तसा झाला होता? पडीक रान, तरवडाची झुडपं, एक मेंढी कुणाच्यातरी ज्वारीत शिरायला निघालेली. चौदा वर्षांचा कडूबा तिला वळवायला गोफण फिरवतोय. आणि नेमका तेव्हाच पुंजा झुडपामागून उभा राहिला. आवाज आठवतो, दुखणं आठवत नाही. मग पंधरा दिवस तोंड उघडेना. माय, सारजाबाई, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची. हाडं बसवणारा एक म्हातारा आला, त्यानं दोन बोटं कानापाशी दाबली आणि निकाल दिला, "जबड्याची कवाडी निखळली. आता हे वाजतच ऱ्हानार." एवढा त्याचा दाखला, आणि त्यावर पन्नास वर्षांचा कारभार चालला. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. त्या पंधरा दिवसांत कडूबा मेंढीच्या दुधात भाकरी कुस्करून बोटानं त्याच्या ओठांच्या फटीतून आत सरकवायचा. गोफण त्यानं गोदावरीत फेकून दिली. आणि बाप, मल्हारराव, जो मेंढराच्या भाषेतच बोलायचा, त्यानं कडूबाला मारलं नाही की शिवी दिली नाही. पुंजाकडे बघून म्हणाला, "ह्ये अधू झालं. ह्याला रानात झेपायचं नाय. शाळंत घाला." झालं! पैठणची शाळा, वसतिगृह, मॅट्रिक, खात्यातली नोकरी, पायातले बूट. सगळं त्या धोंड्याच्या पुण्याईनं. पुढे वाटणीच्या वेळी पंच बसले, तर विहिरीकडचा तुकडा पुंजाला देऊन टाका, असं कडूबाच बोलला, कुणी न विचारता. "त्याचं मी जल्माचं नुसकान केलंय." पुंजाराम तेव्हा मान खाली घालून बसला होता. नको दादा, एवढं म्हणायला काय झालं होतं? जबडा तर बोलण्यापुरता उघडत होता. तो तुकडा विकून गारखेड्याचं घर उभं राहिलं.

आणि हुरडा. ते आठवलं आणि त्यानं स्कूटरचा वेग उगाच कमी केला. जानेवारी होता, बायपासच्या दोन्ही अंगांना पाट्या लागल्या होत्या, गरमागरम हुरडा, शेतातला हुरडा, शहरातली माणसं गाड्या भरून येत होती. कडूबानं बायपासजवळच्याच साताऱ्याच्या खंडोबापुढे बोललेलं होतं, पुंजाचा जबडा नीट होईस्तोवर हुरडा तोंडात घालणार नाही. काशीला गेलेली माणसं कारलं सोडतात, दोडकं सोडतात, ज्याच्यावाचून काही अडत नाही ते. ह्या शहाण्यानं हुरडा सोडला. रानात आगटी पेटलीय, कोवळी कणसं भाजून हातावर चोळली जातायत, सगळं शिवार त्या वासानं भरलंय, आणि हा मेंढरं घेऊन वाऱ्याच्या उलट्या अंगाला जाऊन बसतोय. पन्नास सुगी. आणि पुंजाराम? पुंजाराम दरवर्षी ऑफिसच्या मंडळींबरोबर हुरड्याला जायचा. कट्‌कट्‌ वाजत आवडीनं खायचा, वर ऊस सोलून खायचा, दातांनी. घरी ताकीद देऊन ठेवलेली, दादाला बोलू नका. कधी दुखलंच नव्हतं. हे वाक्य त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. नुसतं वाजत होतं. आणि ते वाजणं त्याला आवडत होतं, हे त्याहून वाईट. घरात कुणी ऐकेना, साहेबांनी झापलं, पोरीनं उलट उत्तर दिलं, की तो जेवताना जरा जोरानं चावायचा. माझ्यावर एकदा अन्याय झालेला आहे बरं का. एक फोटो काढला त्या पोरीनं, आणि आता हातात काय उरलं? हवेचे कप्पे.

एका आगटीपाशी त्यानं स्कूटर थांबवली आणि हुरडा बांधून घेतला. का घेतला, विचारू नका. त्यालाच माहीत नव्हतं. चटणीची पुडी नको म्हणाला, मग हो म्हणाला, मग हुरडेवाल्यावरच खेकसला. गरम पुडकं आणि फोटोचं पाकीट एकाच पिशवीत घालून तो परत फिरला. वाटेत त्यानं सगळं ठरवून टाकलं. काही सांगायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या औषधानं बरं होईल, एवढं सांगायचं. दादाचं वय पासष्ट, आता त्याला खरं कळून कुणाचं भलं होणार आहे? उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर. हा विचार मनाला इतका सोयीचा वाटला की त्याच सोयीची त्याला शिसारी आली.

घरी आला तर कडूबा दारातच होता. खुर्चीवर नाही, सोफ्यावर नाही. आपली जुनी घोंगडी फरशीवर टाकून उंबऱ्याला टेकून बसलेला, पिशवी भरून शेजारी, डोक्याला पागोटं बांधलेलं. पुंजारामला बघून उठला. उठताना गुडघ्यावर हात ठेवला. "चल," म्हणाला.

"कुठं?"

"डागदराकडं. वाडीच्या फकिराला फोन लावाया सांगितला म्या सुगंधाला. त्याच्या पोराचं अपघातात जबड्याचं हाड गेलं व्हतं, तर बरगडीचं हाड काढून बसवलं म्हनं. तुझ्या हाडात पोकळ्या हायेत नव्हं? माझी बरगडी घ्या म्हनावं. चांगली हाये, दूध पिऊन वाढल्याली. तंबाखूबी सकाळपून खाल्ली नाय. उपाशीपोटी लागतंय ना त्येला?"

सुगंधा मागं पदर डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "दादांनी दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही फोन का नाही उचलला?"

पुंजारामला संतापानं काही दिसेना. बरगडी! हा माणूस बरगडी घेऊन दारात बसलाय. "अरे काय वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. शेजारचं दार उघडलं आणि मिटलं. "कुणी मागितली तुझी बरगडी? कुणी सांगितलं तुला यायला? पन्नास वर्षं माझ्या ताटात बघतोस, पन्नास वर्षं! माझा घास मला गोड लागू देत नाहीस!" कडूबानं हे सगळं मान खाली घालून ऐकलं, जसं पाऊस आला की मेंढरू ऐकतं, आणि ओरडून झाल्यावर म्हणाला, "खरं हाये तुजं. पन चल."

मग पुंजारामनं पिशवीतून पाकीट ओढून काढलं. फोटो खिडकीच्या उजेडात धरला. तो काही बोलणार त्याआधी कडूबा पुढे आला, डोळे बारीक करून बघू लागला, आणि पहिल्यांदा त्यानं बघितले ते दात. जन्मभर मेंढरांच्या तोंडात बोट घालून वय सांगणारा माणूस. दोन दाती, चार दाती, सहा दाती. "तोंड जुळल्यालं हाये की," तो म्हणाला. "एकच दाढ खराब दिसती. पोकळ्या कुठंशा?" पुंजारामनं बोट ठेवलं. कडूबानं निरखलं. मग न सांगता त्याची नजर सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथं थांबली.

"हिकडं बी हाये की रं."

"हो."

"धोंडा तर डाव्या अंगाला लागला व्हता."

"हो."

कडूबानं नखानं फोटोवरचं ते जाळं हळूच खरवडून पाहिलं. "ह्ये असंच एडक्याच्या शिंगाच्या मुळात असतंय. मेल्याली कवटी फोडली का दिसतंय. हाड असतंय पर आत पोकळ. उपजतच असतंय ते. कुनी मारून व्हत नाय." तो हे पुंजारामला नाही, स्वतःलाच सांगत होता, डॉक्टरणीला यंत्र लागलं, ह्याला एडका पुरला. आता गप्प राहिलं तरी चाललं असतं का? चाललं असतं. कडूबानं पुढे एक अक्षर विचारलं नसतं, त्याचा स्वभावच नव्हता तो. पण त्या फरशीवरच्या घोंगडीकडे पुंजारामचं लक्ष गेलं आणि तो म्हणाला, "दादा, काही मोडलं नव्हतं. कधीच. मुका मार होता. हे वाजतं ते पुष्कळांचं वाजतं. त्या डॉक्टरणीचंसुद्धा वाजतं." आणि मग, थांबता येईना म्हणून, "मला दुखत नव्हतं. कधीच दुखलं नाही. मी हुरडा खातो दरवर्षी."

सुगंधा आत निघून गेली. कडूबानं फोटो पाकिटात घातला, पाकिटाचं तोंड दुमडलं, खिडकीत ठेवलं. पागोटं सोडलं. त्याचा चेहरा उजळेल, नाहीतर तो चिडेल, हात उगारेल, ह्यातलं काहीतरी होईल म्हणून पुंजाराम वाट बघत होता. उगारला असता तर बरं झालं असतं. कडूबा घोंगडीवर खाली बसला. म्हणाला, "मंग त्यो धोंडा लागला कोनाला रं?"

पुंजाराम त्याच्याशेजारी खाली बसला, सांधे कुरकुरत. पिशवीतून हुरड्याचं पुडकं काढलं, अजून कोमट होतं, आणि कागद उघडून मध्ये ठेवला. हिरवा, भाजका वास दारात भरला. कडूबानं नाक किंचित वर केलं आणि पुंजारामला एकाएकी तो चौदा वर्षांचा दिसला. "खा," पुंजाराम म्हणाला. "नवस फिटला म्हण. नीटच होता जबडा." कडूबानं चार दाणे उचलले, तळहातावर घेऊन फुंकर मारली, तोंडात टाकले. जीभ फिरली, ओठ आत ओढले गेले, गाल हलले, पण चावण्याची हालचाल होईना. मग तो ओशाळून हसला, आणि त्याच्या तोंडातली काळीभोर पोकळी पुंजारामनं पहिल्यांदा नीट पाहिली. वर दोन, खाली एक. "झडलंय समदं," कडूबा म्हणाला. "चार सुगी झाल्या. तुला सांगितलं नाय. काळजी करशील म्हून." दाणे त्यानं गालात ठेवून दिले आणि नुसते चोखत राहिला. "गोड हाये," म्हणाला.

पुंजारामनं मूठभर हुरडा उचलून तोंडात कोंबला, रडू नये म्हणून. भराभर चावला. कट्‌. कडूबाचा पुढच्या दाण्यांकडे निघालेला हात कागदावर थांबला. आत्ता, इथं, खिडकीत फोटो ठेवलेला असताना. पुंजाराम त्या हाताकडे बघत राहिला. थकलेला, नखं मातीनं काळी झालेली, तो हात थांबला तो थांबलाच.

"सावकाश खा," कडूबा म्हणाला.